अकरा बाटल्या आणि दाभण

छिद्रं तपासायचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या स्वभावामुळे. घरातून निघताना मी गॅसच्या बटणांचा फोटो काढते आणि लिफ्ट खाली पोचेपर्यंत तो दोनदा उघडून बघते. खेमा, माझी चार वर्षांची मुलगी, दुपारी गाढ झोपली की अजूनही तिच्या नाकाखाली बोट धरते. प्रबुद्ध, माझा नवरा, या सगळ्याला हसतो. "तुला आमच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर करून टाकतो," म्हणतो. प्रज्योत हसला नव्हता. तो म्हणाला, "वहिनी, भट्टीवर तुझ्यासारखंच माणूस पाहिजे. मी पन्नास वेळा बघतो आणि तरी एखादं विसरतो."

प्रज्योत प्रबुद्धचा चुलतभाऊ, हरिदासकाकांचा एकुलता एक. वीस वर्षांचा. काका नागपूरहून सिंगापूरच्या जहाजांच्या यार्डात गेले तेव्हा तो दोन वर्षांचा होता. शाळा तिथली, डिप्लोमाही तिथला. काकांनी तिथे कायम राहायचा परवाना घेतला आणि त्या कागदाबरोबर मुलाच्या मागे सैन्यातली दोन वर्षांची सक्ती लागली. शिकत होता तोवर ती पुढे ढकलत नेली. आता सात ऑक्टोबरला हजर व्हा असं पत्र आलं होतं. त्याआधी दादाकडे जाऊन येतो म्हणून तो जूनमध्ये आमच्याकडे बहरीनला आला. व्हिजिट व्हिसा प्रबुद्धने काढला. त्यावर जबाबदार माणूस म्हणून प्रबुद्धचं नाव.

काकांना त्या पत्राचा अभिमान होता. या दोघा भावांचे आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते. त्यांची अॅल्युमिनियमची पाण्याची बाटली, पोटाला एक चेप आलेली, आमच्या सनाबिसच्या फ्लॅटमध्ये शोकेसमध्ये असते. शेजारी बाबासाहेबांचा फोटो. एक जानेवारीला आम्ही दोन्हींपुढे मेणबत्ती लावतो. व्हिडिओ कॉलवर काका प्रज्योतला म्हणायचे, "अरे, पलटण आपल्या रक्तात आहे. खुद्द बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. आणि तू मिरची चावल्यासारखं तोंड कायले करून राहिला?"

"नाही बाबा, ऊन लागलं," प्रज्योत म्हणायचा.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने ती बाटली शोकेसमधून खाली काढली. दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "वहिनी, हिचा साचा काढला तर दादा रागावेल का?"

मातीकाम तो डिप्लोमात शिकला होता. इथल्या आली गावात कुंभारांच्या भट्ट्या आहेत हे त्याने येण्याआधीच शोधून ठेवलं होतं. गनीचाचांच्या अंगणात त्याला एक टेबल आणि पत्र्याची सावली मिळाली. गनीचाचा मूळचे कच्छचे, तीस वर्षं इथे भट्टी सांभाळतात. प्रबुद्ध पहाटे कंपनीच्या बसने हिद्दला जातो, गाडी माझ्याकडे असते. म्हणून खेमाला केजीतून घेतलं की मी प्रज्योतसाठी डबा घेऊन आलीला जायचे. हळूहळू तिथेच बसायला लागले. माती बघत बसलं की डोक्यातली चक्रं जरा मंदावतात असं मला वाटायला लागलं होतं.

बाटली दोन अर्ध्यांत व्हायची. साच्यात माती दाबून एक अर्धं, मग दुसरं. कडांना पाण्यात कालवलेली पातळ माती लावून दोन्ही जोडायची. जोडण्याआधी तो आत एक मातीची गोळी टाकायचा, कागदात गुंडाळून, म्हणजे ती भिंतीला चिकटत नाही आणि कागद भट्टीत जळून जातो. भाजून झालं की बाटली हलवली तर आत खुळखुळ वाजायचं. तोंड त्याने बंदच ठेवलं होतं. पाणी भरायची सोय नाही अशी पाण्याची बाटली.

"गोळीवर काय कोरतोस?" मी विचारलं.

"ते कोणाला दिसणार नाही ना, मग काय सांगू?"

अशी बंद वस्तू भट्टीत घालायची तर तळाला एक छिद्र लागतं. गनीचाचांनी पहिल्याच दिवशी मला समजावलं होतं. "हवा नहीं फाड़ती, बेटी, नमी फाड़ती है. भाप को रास्ता नहीं मिला तो घर तोड़ के निकलेगी." छिद्र पाडायला प्रज्योतने माझ्याकडून दाभण घेतली. आईने गोधडी शिवायला दिलेली ती दाभण मी नागपूरहून आणली होती आणि इथे एकही गोधडी शिवली नव्हती.

अकरा बाटल्या झाल्या. अकराच का, तर बाराव्या वेळी साचा झिजून चेप उमटेनासा झाला.

त्याने मला सांगितलं ते गाडीत, सिग्नलला. मागे खेमा झोपली होती.

"मी मुलीशी लग्न नाही करणार, वहिनी. तुला कळलंच असेल."

कळलं होतं. फोन वाजला की तो कोणाच्या नावाला पालथा घालतो आणि कोणाच्या नावाला उचलून बाल्कनीत जातो, हे मी पहिल्या आठवड्यातच पाहिलं होतं. मला बहुतेक गोष्टी आधी कळतात. बोलत नाही एवढंच.

"घरी?"

"आईला सांगितलं तर ती म्हणेल सैन्यात जा, सुधारशील."

मग सिग्नल सुटला आणि त्याने उरलेलं सांगितलं. जुन नावाचा त्याचा मित्र जानेवारीत भरती झाला होता. एका खोलीत सोळा जण. कोणीतरी जुनचा फोन उघडून प्रज्योतचे मेसेज मोठ्याने वाचून दाखवले. सगळ्यांना, आवाज काढून काढून. त्यानंतर जुनने दोन ओळी लिहिल्या आणि नंबर बंद केला. "भरतीआधी डॉक्टर हेच विचारतात म्हणे. हो म्हटलं तर फाइल वेगळी, आणि आईबाबांना बोलावतात असं मुलं सांगतात. नाही म्हटलं तर सोळा जणांत दोन वर्षं झोपायचं. आणि तिथे माझे मेसेज आधीच फेमस आहेत." तो हसला. "गेलोच नाही तर वॉरंट. मग आईच्या दारात कधीच नाही."

"मग करणार काय?"

हॉलंडमधल्या एका मातीकामाच्या केंद्रात त्याने अर्ज केला होता. वर्षभर राहणं, काम, आणि पुढे तिथेच शिकायची शक्यता. बाटल्यांचे फोटो त्यांना आवडले होते. पण कच्च्या मातीचे फोटो चालणार नव्हते. वीस सप्टेंबरच्या आत भाजलेल्या बाटल्या कुठेतरी मांडून दाखवायच्या, सोबत कामाबद्दलचं लिखाण. इथल्या अदलियातली एक छोटी गॅलरी चार दिवस कोपरा द्यायला तयार झाली.

"आणि आई?"

"जिवंत मुलगा लांब असला तरी चालतो ना, वहिनी?"

 मी आरशातून खेमाकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं, श्वास चालू होता.

*

लिखाण त्याने मला वाचायला दिलं. इंग्रजी चांगलं होतं. मी समलिंगी आहे, मला सक्तीने सैन्यात बोलावलं आहे, माझे आजोबा सैनिक होते आणि मला त्यांचा अभिमान आहे, या तिन्ही गोष्टी एकाच पोटात वाजतात, असं काहीसं. शेवटी आभार होते. 'माझा भाऊ प्रबुद्ध आणि वहिनी मैत्री यांचे, ज्यांच्या सनाबिसच्या घरी राहून मी हे केलं.'

नावं पूर्ण होती. आडनावासकट.

 याबद्दलचा इथला कायदा मी मोबाइलवर शोधून वाचला, दोन-तीन ठिकाणी. मला तो धड कळला नाही. एवढं कळलं की तक्रार करायला एक माणूस पुरतो.

प्रबुद्धला दाखवलं तेव्हा तो जेवत होता. त्याने घास ताटात ठेवला.

"त्याचं जे असेल ते असो," तो म्हणाला. "मी काय त्याले टाकून देणार आहे का? भाऊ आहे. पण व्हिसावर माझं नाव आहे, मैत्री. नोव्हेंबरात कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होऊन राहिलं. एचआरमधल्या माणसाने ते गॅलरीचं पान पाहिलं आणि उद्या खलास म्हणाला, तर मी खेमाची शाळा कुठे घेऊन जाऊ? नागपूरला?"

"तू बोल त्याच्याशी."

"तू बोल. तुझं ऐकते तो."

मी बोलले. प्रज्योतने माझ्यासमोर फोनवर ती ओळ खोडली. "सॉरी वहिनी. मला वाटलं तुला आवडेल." त्याचा चेहरा इतका साधा होता की मलाच लाज वाटली. मग मी त्याचं इन्स्टाग्राम पाहिलं. जूनपासूनचे फोटो. आमच्या शोकेसमधली बाटली, मागे बाबासाहेब. आमची बाल्कनी, खाली सीफच्या मॉलचा बोर्ड. एका फोटोत खेमा, शाळेच्या गणवेशात, खिशावर शाळेचं चिन्ह. ओळ खोडून काय होणार होतं?

त्याच आठवड्यात नीलमकाकूंचा, प्रज्योतच्या आईचा, फोन आला. "मैत्री, पोरी, माझं मन घाबरून राहिलं. तो तिकिटाचं विचारलं की विषय बदलवते. तू आई आहेस, तुले कळते. त्याले काही सुचवू नको भलतंसलतं. दोन वर्षं काय, अशी निघून जातात. पाठव गं त्याले."

"हो काकू," मी म्हटलं.

*

तो गुरुवार होता, दुपारी बारा-सव्वाबारा. बाटल्या हाडासारख्या वाळल्या होत्या. संध्याकाळी भट्टीत रचायच्या, शनिवारी पेटवायची असं ठरलं होतं. गनीचाचा नमाजाला गेले होते. हॉलंडच्या लोकांचा व्हिडिओ कॉल होता म्हणून प्रज्योत माझ्या गाडीत जाऊन बसला, एसी लावून. जाताना दाभण माझ्या हातात दिली. "सगळी छिद्रं एकदा बघ ना, वहिनी. धूळ बसली असेल तर टोचून मोकळी कर. तू बघितलंस की मला झोप लागेल."

खेमा चटईवर झोपली होती. मी एकेक बाटली उचलून मांडीवर पालथी घ्यायची, छिद्रात दाभण घालायची, फिरवायची, फुंकर मारायची. पहिल्या सहांत काही अडलेलं नव्हतं. गाडीच्या काचेतून मला तो दिसत होता. त्याने शर्ट बदलला होता. हात हलवून काहीतरी सांगत होता आणि मध्येच खूप हसला. मी त्याला तसं हसताना तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं.

सातव्या बाटलीवर त्याने भरतीच्या पत्राच्या ओळी उमटवल्या होत्या, उलट्या अक्षरांत, आणि मधोमध आजोबांच्या बाटलीचा तो चेप. ती माझ्या मांडीवर होती. शेजारी वाटीत जोडायची पातळ माती होती.

मी काय विचार केला ते खरं लिहायचं तर असं: एकच फुटेल. एक फुटली की तो थांबेल, तारीख चुकेल, गॅलरीतली मांडणी होणार नाही. नोव्हेंबर निघून जाईल. एवढंच. दोन वर्षं काय, अशी निघून जातात.

मी बोट वाटीत बुडवलं. छिद्रातून माती आत जाईपर्यंत दाबली, पुन्हा घेतली, पुन्हा दाबली, आणि वर अंगठा ठेवून सारखं केलं. माझ्या उजव्या अंगठ्यावर विळीने कापल्याची एक आडवी खूण आहे. ती मातीत उमटलेली मी पाहिली. पुसायला हवी होती. तेवढ्यात खेमाने कूस बदलली आणि मी बाटली सरळ करून फळीवर ठेवली. ओल पाच मिनिटांत उडाली. रंग एक झाला.

मग आठवी, नववी, दहावी, अकरावी. त्या नीट तपासल्या.

"झालं?" प्रज्योत गाडीतून पळतच आला. "वहिनी, त्यांनी विचारलं की तुम्हाला थंडी चालेल का? मी म्हटलं, मी बहरीनमध्ये ऑगस्ट काढलाय, मला काहीही चालेल!" मग थांबून म्हणाला, "सगळी बघितलीस?"

"सगळी बघितली."

शुक्रवार पूर्ण मोकळा होता. दाभण पर्समध्ये होती, आली वीस मिनिटांवर. भट्टीचं दार अजून विटांनी बंद केलेलं नव्हतं. मी शुक्रवारी झल्लाकच्या समुद्रावर खेमाच्या पायाला टोचू नये म्हणून वाळूतले शिंपले वेचत बसले. प्रबुद्ध म्हणाला, "आज शांत वाटून राहिली तू."

*

शनिवारी आम्ही दहाला पोचलो. गनीचाचांनी सकाळी सहालाच गॅस लावला होता, अगदी मंद. साडेअकराच्या सुमाराला आत कोणीतरी दार आपटल्यासारखा आवाज झाला. प्रज्योत पाणी पीत होता. त्याने ग्लास खाली ठेवला नाही, तसाच धरून उभा राहिला. आणि मग दुसरा आवाज आला, लांबलचक, कपाटातून ताटं घसरत यावीत तसा.

गनीचाचा म्हणाले, "शेल्फ गया."

सातवी बाटली खालच्या थरात ठेवली होती, वरच्या फळीच्या टेकूला लागून. हे मला माहीत नव्हतं. रचताना मी तिथे नव्हते.

भट्टी रविवारी उघडली. एक बाटली अख्खी होती. दुसरीला गळ्यापासून तळापर्यंत चीर होती. बाकी सगळ्यांचा थर, वर आडवी पडलेली फळी, आणि ठिकऱ्यांत सगळीकडे त्या गोळ्या. प्रज्योत खाली बसला आणि एकेक गोळी वेचून माझ्या जेवणाच्या डब्यात टाकायला लागला. कोरलेली अक्षरं आता कोणालाही दिसत होती. सगळ्यांवर एकच नाव होतं, जुन. वेगवेगळ्या हातांनी लिहिल्यासारखं.

मग म्हणाला, "एखादं छिद्र राहिलं असेल?"

मी डबा त्याच्याजवळ सरकवला.

"नाही, तू बघितलं होतंस. मग माझ्या जोडात ओल राहिली. मी घाई केली, वहिनी. माझीच चूक."

खेमा म्हणाली, "काका, डोन्ट क्राय. मम्मा विल फिक्स इट."

हॉलंडच्या लोकांना त्याने फोटो पाठवले. ते भले निघाले. असं होतं, म्हणाले, पंधरा दिवस वाढवून देतो. गनीचाचा तर बाह्या सरसावूनच बसले. "नया साँचा आज बना, यल्ला, चल. बारा दिन में मैं तुझे ग्यारह नहीं, बीस निकाल के दूँगा." प्रज्योत टेबलापाशी बसला. माती घेतली, मळली. पहिलं अर्धं साच्यातून काढलं आणि त्याच्या हातात ते थरथरायला लागलं. माती नाही, हात. त्याने ते पुन्हा गोळ्यात मिसळून टाकलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो घरीच बसला, शोकेससमोर.

"मला वाटतं, वहिनी," तो म्हणाला, "मलाच ते फुटायला हवं होतं. आतून कुठेतरी. नाहीतर एवढी साधी गोष्ट कोण चुकतं? फर्स्ट इयरची पोरं नाही चुकत. मी तिकडे जाऊनही असंच करीन. जातो घरी."

"घाईत ठरवू नको," मी म्हटलं. खरंच म्हटलं. पण पुढचं वाक्य तोंडाशी आलं आणि मी खेमाचे बूट शोधायला उठले.

*

त्याचं सामान आणायला मी एकटीच आलीला गेले. गनीचाचांनी चहा दिला. मग आत जाऊन एक ठिकरी आणून माझ्या तळहातावर ठेवली. नाण्याएवढी, भाजून गुलाबी झालेली. मधोमध भरलेलं छिद्र, त्यावर अंगठा, आणि अंगठ्यावर आडवी रेघ.

"लड़के का अंगूठा बड़ा है," ते म्हणाले. "मेरा तो फटा हुआ है. ये किसका है, बेटी?"

मी मूठ मिटली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. अंगणातल्या सुरयांकडे बघत म्हणाले, "मैंने उसको नहीं दिखाया. दस दिन बाकी हैं. उसको लग रहा है उसका हाथ झूठा है. कुम्हार का हाथ झूठा हो गया तो वो मर गया. तू दिखा दे. गाली देगा, फिर काम पे बैठेगा."

"चाचा, आप समझते नहीं. मेरी बच्ची है."

"समझता हूँ." त्यांनी माझ्या हातातला कप घेतला. चहा अर्धा होता.

दहा दिवस ती ठिकरी पर्समध्ये दाभणीशेजारी होती. रोज सकाळी ठरवायचे, प्रबुद्धची बस गेली की सांगू. प्रबुद्धची बस जायची. प्रज्योत उठायचा, माझ्याबरोबर पोळ्या लाटायला बसायचा, खेमाला शाळेत सोडायला यायचा. एकदा तर मी पर्स उघडलीही. तो म्हणाला, "काय शोधतेस? गॅसचा फोटो काढलास मगाशी, मी पाहिलं." मी पर्स बंद केली.

शेवटच्या दिवशी त्याने हॉलंडला नकार लिहिला आणि मला वाचून दाखवला, इंग्रजी बरोबर आहे का म्हणून. मी एका ठिकाणी काळ दुरुस्त केला.

विमानतळावर प्रबुद्ध त्याला मिठी मारून रडला. "आजोबांचं नाव काढ," म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्या सुटल्याचीच त्याला लाज वाटत होती. मी त्याला ओळखते, चौदा वर्षं. प्रज्योतने अख्खी राहिलेली बाटली खेमाला दिली. माझ्या पाया पडायला वाकला, मी धरलं. कानाशी म्हणाला, "तू होतीस म्हणून तीन महिने श्वास घेतला, वहिनी."

*

सात ऑक्टोबरला काकूंनी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. काका, काकू, मध्ये तो, गणवेशात, डोकं भादरलेलं. नागपूरहून, पुण्याहून जय भीम आणि निळी हृदयं आली. प्रबुद्धने लिहिलं, 'पलटणीचा वारस.' मी फोटो मोठा करून पाहिला. भादरलेल्या डोक्यावर डाव्या बाजूला एक खोक होती, लहानपणची असावी. मला ती कधी दिसली नव्हती. तो कॅमेऱ्याच्या जरा वर बघत होता. खोलीत शिरताना आधी दरवाजे मोजणारा माणूस बघतो तसा. मी तशीच बघते.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. रडत होत्या, आनंदाने. "तुझे उपकार आहेत, पोरी. तूच पाठवलं माझ्या लेकराले."

दहा दिवसांनी त्याचा पहिला मेसेज आला. 'वहिनी, ऑल ओके. इथे काही जण जुनला ओळखतात. मलाही ओळखतात.' बस, एवढंच. मी पाच वेळा फोन केला, बंद होता.

त्या दुपारी मी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभं राहून लिहिलं: 'छिद्र तू विसरला नव्हतास. सातव्या बाटलीचं मी बुजवलं होतं, माझ्या हाताने. तुझ्या हातात काही खोट नाही.' आणि विचार करायच्या आत पाठवलं.

एकच राखाडी खूण आली. फोन त्यांचे दिवसा काढून घेतात.

मी पोळ्या केल्या. एक खूण. खेमाला खाऊ घातलं, कपडे घड्या केले. एकच खूण. माझ्या डोक्यात चालू झालं. फोन त्याच्या हातात पडेल तेव्हा शेजारी कोण असेल? कोणी मोठ्याने वाचलं तर? काकूंना कळलं तर? प्रबुद्धला? तो एकटा असेल, तिथे सोळा जण असतील, आणि त्याला हे कळेल की आपल्याला सगळ्यात सुरक्षित वाटलं त्याच घरात हे घडलं. हे वाचून त्याने काही केलं तर? प्रत्येक विचार खरा होता. त्यातला एकही त्याच्यासाठी होता का, मला माहीत नाही.

साडेपाचला मी मेसेज दाबून धरला आणि 'सगळ्यांसाठी डिलीट' केला.

पावणेसहाला त्याचा फोन चालू झाला. 'वहिनी, काय डिलीट केलंस?'

खेमा समोर जमिनीवर बसली होती, बाटली कानाला लावून हलवत. माझी बोटं टाइप करायला तयार होईनात, म्हणून मी माइकचं बटण दाबलं आणि आवाज जमेल तेवढा सहज करत म्हटलं, "काही नाही रे. खेमाच्या हातात फोन होता, तिनेच काहीतरी दाबलं."

खेमा मराठी बोलत नाही, पण तिला सगळं कळतं. तिने बाटली खाली केली.

"आय डिडन्ट, मम्मा," ती म्हणाली.

बटणावरून माझं बोट सुटलं तेव्हा उशीर झाला होता. तिचा आवाज त्यातच गेला होता, स्वच्छ. मी बघत राहिले. दोन खुणा. मग माइकचं चित्र निळं झालं, म्हणजे ऐकलं. 'टायपिंग' आलं, गेलं, पुन्हा आलं. बराच वेळ आलं.

'ओके वहिनी,' एवढंच लिहून आलं.